मध्येच थबकणारी उंदरीण

मित्रांनो, तुमच्या हिशोबाने मी जेमतेम दोन वर्षांची. पण आम्हा उंदरांत एवढ्या वयाची म्हणजे थेट पणजीबाई. मी प्रयोगशाळेत जन्मले. शेत, बीळ, मांजर यांतले काहीच मी पाहिले नाही. पारदर्शक पेटी, लाकडाचा भुसा आणि पाण्याची बाटली, एवढेच माझे जग.

आमच्या घराण्यात एक आजार आहे. मिशा पुसता पुसता आम्ही एकदम थबकतो. डोळे उघडे असतात, पण आम्ही तिथे नसतो. मग काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा मिशा पुसू लागतो. माणसांच्या काही मुलांनाही असेच झटके येतात, म्हणून तर आम्हाला सांभाळले होते.

भूल देऊन माझ्या डोक्यावर बारीक तारांची टोपी बसवली. जखम भरेपर्यंत दुखले, ते लपवत नाही. पेट्या साफ करणाऱ्या मावशी मला ‘टोपीवाली’ म्हणू लागल्या. त्या टोपीतून माझ्या मेंदूच्या लहरी पडद्यावर उमटत. मी थबकले की तिथली साधी रेघ करवतीच्या दातांसारखी होई. ती रेघ वाचत डॉक्टरबाई दिवसभर बसत.

एका सुट्टीत बाईंची भाची आली. तिसरीतली, गुडघा खरचटलेली. ती पेटीला नाक लावून बघत होती आणि नेमकी तेव्हाच मी थबकले असणार.

“आत्या, ही अशी का बघतेय?”

“झटका आलाय तिला. थांबेल आत्ता.”

पोरगी पेटीला आणखी चिकटली. मग हळूच म्हणाली, “मी पण अशीच दिसते?”

“हो गं. अगदी अशीच.”

“म्हणजे वर्गात ‘कुठे तंद्री लागली?’ म्हणून मला ओरडतात ना, तेव्हा मी खरंच तिथे नसते!”

बाईंनी तिला जवळ घेतले. “नसतेसच. तुझ्या औषधाने झटके कमी झालेत, पण थांबले नाहीत. म्हणून तर आम्ही शोधतोय. मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर असतात. त्यांना बारीक कान म्हण. काही कान ‘शांत राहा’ हा निरोप ऐकतात. टोपीवालीचे ते कान जरा जास्तच ऐकतात, असा आमचा संशय आहे. मग सगळ्या पेशी एका तालात गप्प होतात, एका तालात जाग्या होतात, आणि ही थबकते.”

“मग कानात बोळा घालायचा!”

“अगदी छोटा. मोठा झाला तर पंचाईत.”

ती पंचाईत मी भोगली. पहिल्यांदा तो बोळा, म्हणजे नवे औषध, जास्त झाले आणि माझे अंग थडथडा उडू लागले. बाईंनी लगेच उतारा दिला आणि मी सावरेपर्यंत मला ओंजळीत धरून ठेवले. पुढे मात्रा कमी केली. मग एका दुपारी रेघ सरळच राहिली. करवत उमटलीच नाही. बाईंचा चहा समोर गार झाला, तरी त्यांचे लक्ष नव्हते.

पण औषध नेमके त्याच रिसेप्टरवर बसले का, हे पाहायला आतला मेंदू तपासावा लागतो. माझ्या दोन बहिणींना त्यासाठी नेले. त्या परतल्या नाहीत. म्हातारपणीही औषध चालते का हे बघायचे, म्हणून मी उरले.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी बोलता बोलता असे हरवले, तर त्याला हसू नका. तो परत आला की आपण कुठवर आलो होतो ते शांतपणे सांगा. त्याच्या घरच्यांना आणि वर्गाच्या बाईंनाही कळवा. आणि कधी औषधाची गोळी हातात आली, तर आमचीही आठवण ठेवा.

परवा भाची पुन्हा आली. “आत्या, मला ते औषध कधी मिळणार?”

“खोटं नाही सांगत. खूप वर्षं लागतील. कदाचित माणसांना चालणारही नाही.”

तिने मान हलवली. मग तिला शेजारच्या रिकाम्या पेट्या दिसल्या. “हिच्या बहिणी कुठेत?”

बाईंनी तेही खरे सांगितले. पोरगी पेट्यांकडे एकटक बघत राहिली. ना हलली, ना बोलली. बाई घाबरल्या. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. “बाळा? आलीस का परत?”

“मी कुठे गेलेच नाही, आत्या,” ती म्हणाली. “मला त्यांच्यासाठी वाईट वाटतंय.”