बाहेर म्हणजे कुठे

मिस्त्रींनी पहिलं दार बसवलं तेव्हा त्यांना मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि वाकून उठताना गुडघा कुरकुरत होता, पण दाराच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. नुसत्या नजरेनं ते सांगायचे की चौकट सुताएवढी तिरकी आहे, आणि ओळंबा लावला की खरंच तेवढीच निघायची.

लाकडाचं काम कमी झालं तसे ते एका कंपनीत लागले. कंपनी दारं-खिडक्या चौकटीसकट तयार पाठवायची. घरी जाऊन माप घ्यायचं, फॉर्म भरायचा आणि माल आला की बसवायचा, एवढंच मिस्त्रींचं काम. एका वर्षी कारखान्यातून सगळ्या मिस्त्र्यांसाठी एक छोटी पुस्तिका आली. यापुढे फॉर्मवर याच पुस्तिकेतले शब्द लिहायचे, आणि त्यांचा अर्थही पुस्तिकेत दिलाय तोच धरायचा, असा हुकूम होता.

मिस्त्रींनी पहिली दोन पानं वाचली आणि त्यांना हसू आवरेना. झडपेला म्हटलं होतं 'चलभाग'. उंबरठ्याला 'तळपट्टी'. तावदानाला 'काचफलक', आणि बिजागरीला चक्क 'फिरता सांधा'.

"माझा फिरता सांधा दुखतोय हो आज," गुडघा चोळत ते ऑफिसातल्या बाईंना म्हणाले. "आणि तो चलभाग जरा लोटा, वारा येतोय."

सगळं ऑफिस हसलं. फॉर्म तपासायचं काम याच बाईंकडे होतं. त्याही हसल्या, पण म्हणाल्या, "मिस्त्री, चेष्टा पुरे. एकदा शेवटपर्यंत वाचा. नंतर घोटाळे होतात."

"बाई, ज्यानं हे लिहिलंय त्याला म्हणावं, आधी एक दार बसवून दाखव."

पुस्तिका त्यांनी हत्यारांच्या पिशवीत तळाशी टाकली. ती तिथंच राहिली.

त्याच सुमारास आक्कानं तिच्या बाथरूमच्या दाराचं काढलं. आक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मिस्त्री चार वर्षांचे होते आणि आक्का पंधराची. तिनं त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, शाळा सुटली तेव्हा कामाला लावलं. जग त्यांना मिस्त्री म्हणायचं, ती अजून 'छोट्या' म्हणायची. ती आणि तिची मुलगी मिस्त्रींच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या. बाथरूमचं जुनं लाकडी दार खालून कुजलं होतं.

"नवं लावशील ते बाहेर उघडणारं लाव," आक्का म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आत पडल्या ना, दाराला टेकूनच. बाहेरच्यांना दार लोटता येईना. मला तसलं नको बाई."

"एवढंच ना? लावतो."

मिस्त्रींनी माप घेतलं, आणि फॉर्मवर 'उघडण्याची दिशा' अशी जी चौकोनी जागा होती तिथं सुवाच्य अक्षरात लिहिलं : बाहेर.

तीन आठवड्यांनी दार आलं. पांढरंशुभ्र, कडक, चौकटीत घट्ट बसवलेलं. मिस्त्रींनी ते बाथरूमच्या तोंडाशी उभं केलं. दार आत उघडत होतं. पाठीमागची बाजू पुढं करून बघितलं, तर आतली कडी बाहेर येत होती आणि उंबरठ्याचा उतार खोलीकडे. ते जिन्यात गेले आणि ऑफिसला फोन लावून बाईंवर खेकसले.

"मी बाहेर लिहिलं होतं! डोळे मिटून तपासता का फॉर्म?"

"पान अकरा बघा, मिस्त्री," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्या बाजूला पाणी पडतं ती बाजू बाहेरची. खिडकीला पाऊस पडतो ती बाजू, बाथरूमला नळाची. कारखान्यात हेच धरतात. तुम्ही बाहेर लिहिलंत, त्यांनी नळाकडे उघडणारं दिलं."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"बदलून मिळेल," बाई म्हणाल्या. "इथं येऊन चूक झाल्याचा अर्ज भरा. कारणाच्या जागी 'मिस्त्रीची चूक' लिहायचं आणि सही करायची. तो अर्ज ऑफिसातल्या फळ्यावर लागतो महिनाभर, पण त्याला इलाज नाही."

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे तो फळा आला. चहाच्या वेळी सगळे तिथंच तर उभे असायचे. ज्यानं चलभागावरून सगळ्यांना हसवलं होतं त्याचीच सही तिथं लटकणार. 'येतो उद्या-परवा,' म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आत आक्का चादर आडवी बांधून आंघोळ करायला कंटाळली होती.

"झालं का रे?"

"सध्या हे बसवतो, आक्का. पुढं बदलून आणीन."

तिनं दाराकडे बघितलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. "बरं," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दार त्यांनी मन लावून बसवलं. फट नाही, आवाज नाही. बोटानं ढकललं तरी अलगद आत जायचं.

उद्या-परवा करता करता महिना गेला. मग कामाची झुंबड उडाली. मग वाटलं, इतक्या उशिरा अर्ज केला तर आणखी प्रश्न विचारतील. दर रविवारी ते आक्काकडे जेवायला जायचे, बाथरूममध्ये हात धुताना दाराकडे पाठ करायचे. आक्कानं एकदाही विषय काढला नाही. ती विसरली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. असे सात महिने गेले.

आठव्या महिन्यात, एका सकाळी साडेआठच्या सुमाराला भाचीचा फोन आला.

"मामा, आई बाथरूममध्ये पडलीय. दार उघडत नाहीये. तू लवकर ये."

ते धावत गेले. रुग्णवाहिकेची दोन माणसं आधीच पोचली होती. दार चार बोटं उघडत होतं आणि मऊ कशाला तरी लागून थांबत होतं. त्यातला एक म्हणाला, "जोर लावता येत नाही. मानेला लागतंय त्यांच्या."

मिस्त्रींनी फटीला तोंड लावलं. "आक्का, मी आलोय."

"आलास?" आतून आवाज आला, बारीक, पण तिचाच. "पाय वाकडा झालाय बघ. उठता येत नाही."

"उठू नकोस. पाच मिनिटांत दार काढतो."

पाच मिनिटांत निघणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दार बाहेर उघडणारं असतं तर नुसतं ओढायचं होतं. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला असत्या तर खिळे ठोकून काढता आले असते. त्या आत होत्या. चौकटीचे स्क्रूसुद्धा दारामागे होते. कुठं पटाशी घालायला जागा नव्हती, कारण जागा राहू नये असंच त्यांनी ते बसवलं होतं.

वरचा अर्धा भाग कापून आत उतरायचं, एवढंच उरलं. मशीन लावलं तर तुकडे तिच्या अंगावर उडतील, म्हणून त्यांनी हातकरवत काढली. गिरमिटानं भोक पाडलं, पातं घातलं. आतल्या कडांना लोखंडी पट्ट्या होत्या, तिथं पातं अडायचं. घामानं मूठ निसटायची. मागं भाची दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

"छोट्या," आक्का म्हणाली, "बोट पुढं घालू नकोस. तुला सवय आहे."

"नाही घालत."

"घाई करू नकोस."

"नाही करत, आक्का. तू बोलत राहा."

ती थोडा वेळ बोलली. नळ चालू राहिलाय म्हणाली, पाणी वाया जातंय. मग थंडी वाजते म्हणाली. मग पुन्हा थंडी वाजते म्हणाली. त्यानंतर मिस्त्रींनी हाका मारल्या त्याला उत्तर आलं नाही. नळाचा आवाज आणि करवतीचा आवाज, एवढंच राहिलं. ते आत उतरले तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती.

खुबा मोडला होता, पण खरा मार डोक्याला होता. रक्त आतल्या आत साचत गेलं होतं. मिस्त्रींनी डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"अर्धा तास आधी आणलं असतं तर?"

"असं ठामपणे सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वेळ गेला, हे खरं आहे."

आक्कानं पुन्हा डोळे उघडले नाहीत. सहाव्या दिवशी ती गेली.

माणसं आली, रडली, पांगली. जो तो मिस्त्रींच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, तुम्ही होतात म्हणून निदान दार तरी कापता आलं. ते मान खाली घालून ऐकायचे. ते वाक्य त्यांना चटक्यासारखं लागायचं, आणि खोडून काढायचा धीर होत नव्हता.

शेवटी घर रिकामं झालं, तेव्हा एका दुपारी ते भाचीकडे गेले. ती पलंगावर बसून आईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मिस्त्री उभ्यानंच बोलले. पुस्तिका, पान अकरा, फॉर्म, बाईंचा फोन, फळा, सगळं. काही लपवलं नाही.

भाचीनं हातातली घडी पुरी केली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"फळ्याचं नव्हतं माहीत. पण दार चुकलंय हे आईनं त्याच दिवशी ओळखलं होतं. मी म्हटलं, मामाला सांगू, बदलून देईल. तर म्हणाली, त्याचं काहीतरी फसलंय, चेहरा बघवत नव्हता त्याचा. आपण विचारलं की त्याला लाज वाटेल. तो आपणहून बदलेल." तिनं दुसरं पातळ उचललं. "दर रविवारी तुम्ही जेवून गेलात की मी तिच्याकडे बघायचे. ती म्हणायची, थांब जरा."

भाची त्यांना 'तुम्ही' म्हणाली होती. जन्मात पहिल्यांदा. तिच्याही ते लक्षात आलं असावं, पण तिनं ते दुरुस्त केलं नाही.

बाथरूमला चादर लावलेली होती. कापलेल्या दाराची खालची अर्धी फळी अजून चौकटीतच होती.

"मी हे काढून टाकतो," मिस्त्री कसेबसे म्हणाले. "नवीन आणतो. आजच अर्ज भरतो."

"नको. दुसऱ्या मिस्त्रींना सांगितलंय. ते उद्या येतायत."

"त्यांना नीट सांग हं, बाहेर म्हणजे..."

"हात करून दाखवलंय मी त्यांना," ती म्हणाली. "इथून असं, खोलीकडे."

मिस्त्री जिना उतरून खाली आले आणि कोणत्या दिशेला जायचं ते न सुचून बराच वेळ फाटकाशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी बाईंकडे चूक झाल्याचा अर्ज मागितला, भरला, सही केली. 'मिस्त्रीची चूक' हे शब्द त्यांनी दोनदा गिरवले. बाईंनी तारीख बघितली. "मिस्त्री, आठ महिन्यांपूर्वीचं दार आता बदलून मिळत नाही. मुदत संपली."

"बदलून नकोय," ते म्हणाले. "फळ्यावर लावा."

बाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. मिस्त्रींनी हात जोडले, पुन्हा विनवलं. डोळे पुसत त्या 'नाही' म्हणाल्या. बाईंना वाटलं, आपण दया करतोय.

मिस्त्री कामावर जातात. मापं घेतात. फॉर्म मात्र दुसरा कुणीतरी भरतो. रविवारी दुपारी ते भाचीला फोन करतात. ती उचलते, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर देते. जेवलीस का? हो. तब्येत? बरी आहे. काही हवंय का? नाही. तुम्ही काळजी घ्या.