दौलतच्या धाकट्याचे तीन शब्द

मी दौलतचा धाकटा भाऊ बोलतोय. चार पायांचा आहे, अंगावर तांबूस केस आहेत आणि उजवा कान अर्धा खाली पडलेला. तरी भाऊच. लालबागच्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा, धाकटा कोण ते सांगतील.

माझी शाळा तीन शब्दांची. तिन्ही शब्द दौलतने शिकवले. त्यातला तिसरा शब्द गेलं वर्षभर मला कुणी म्हटलेला नाही. म्हणून हे सगळं सांगायला बसलोय.

जन्मलो गिरणीच्या मागच्या भिंतीशी, फाटक्या गोणपाटांच्या ढिगात. एके सकाळी मुन्शिपाल्टीची कुत्र्यांची गाडी आली. माझी जन्माची आई गेली, भावंडं गेली. मी गोणपाटात पाय अडकून पडलो होतो, म्हणून राहिलो. पहिली पाळी सुटली तेव्हा दौलतला माझं कुंईकुंई ऐकू आलं. कापड विणायच्या साच्यावर काम करणारा तरणा मुलगा, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. त्याने मला सदऱ्यात घातलं आणि थेट घरी आणलं.

घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत खानावळ. दौलतची आये, कालिंदी, गिरणीतल्या माणसांना दोन वेळा जेवू घालायची. नवरा कधीच गेलेला. मला बघून तिने कपाळाला हात लावला.

"मेल्या, माणसांक पुरणा नाय, आणि ह्या कित्याक आणलंस?"

"माका धाकटो भाव नाय आये. असांदे."

पुटपुटत पुटपुटतच आयेने बशीत दूध ओतलं, त्यात पाणी घातलं आणि पायाने माझ्याकडे सरकवलं. त्या दिवसापासून तीच माझी आये.

रविवारी दौलत मला परळच्या जनावरांच्या इस्पितळात घेऊन गेला. चष्मेवाल्या डॉक्टरांनी माझं पोट दाबलं, जंताचं औषध दिलं, पिसाळू नये म्हणून सुई टोचली. मी त्यांच्या हाताला चावलो. डॉक्टर हसले आणि दौलतला म्हणाले, "आणलंस तर नीट सांभाळ. सुई दर वर्षी. तिखट, तेलकट, गोड काही नाही. कोंबडीचं हाड तर बिलकूल नाही, फुटून आतड्यात घुसतं. प्यायला पाण्याचं भांडं वेगळं. आणि शिकव याला, मारू नकोस."

दौलतने सगळं मनावर घेतलं. गळ्यात पट्टा आला, पट्ट्याला मुन्शिपाल्टीचा बिल्ला आला. आता गाडी मला नेणार नव्हती. दर रविवारी सगळ्या चाळीचं पाणी भरून झालं की नळावर माझी आंघोळ. मग उन्हात आडवं पाडून तो एकेक गोचिड काढायचा आणि मी त्याच्या मांडीवर झोपायचो.

आयेला मात्र हाडाचं पटलं नाही. "कुत्र्यान हाड खावचा नाय तर काय पोथी वाचूची?"

मग शाळा सुरू झाली. पहिला शब्द ‘थांब’. दौलत मला जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवायचा, "थांब" म्हणायचा आणि चार पायऱ्या उतरायचा. तो वळायच्या आत मी त्याच्या पायात. मला थांबता यायचंच नाही. अंगात काहीतरी उसळायचं आणि पाय आपोआप निघायचे. तो परत वर नेऊन बसवायचा. एकदाही हात उगारला नाही.

शेजारच्या खोलीतला बाबुराव विडी ओढत ही गंमत बघायचा. तो दौलतचा चुलता लागायचा, गिरणीत साचाही शेजारीच.

"दौलत्या, स्वतः चौथीत नापास झालंस आणि कुत्र्याक शाळेत घालतंस?"

"म्हणान तर घालतंय. घरातलो एक तरी शिकाक होयो."

"ह्यो शिकलो तर मी गिरणीचो मालक!"

दुसरा शब्द ‘सावकाश’. तो आयेच्या पंगतीतून आला. पानं वाढून झाली की आये उंबऱ्यात उभी राहायची आणि म्हणायची, "सावकाश होऊ द्या." तोवर कुणी घासाला हात लावायचा नाही, मग तो कितीही भुकेला असो. मी बकाबक गिळायचो आणि ओकायचो, म्हणून दौलतने मलाही तोच नियम लावला. पंगतीच्या शेवटी, दाराजवळ, माझी ताटली: ज्वारीची भाकरी, वरणाचं पाणी, कधी काटे काढलेला उकडलेला मासा. आये "सावकाश" म्हणेपर्यंत तोंड लावायचं नाही. हा शब्द मी लवकर शिकलो. भूक शिकवते.

तिसरा शब्द गिरणीचा. भोंगा झाला की माणसं मोकळी होतात, तशी माझी थांबण्यातून सुटका व्हायची. दौलत दोन्ही हात पसरून ओरडायचा, "सुटी!" मी पायऱ्या गाळत उडी घ्यायचो थेट त्याच्या छातीवर. हा शब्द फक्त आम्हा दोघांचा. तो जिन्यात म्हटला जायचा, आणि जिन्यात आये कशाला येते? तिची चूल पेटलेली असायची.

मग तो जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हणून सगळं गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर दगडांचे खच. आये दौलतला म्हणत होती, "भायर जाव नको." दौलत म्हणाला, "नाक्यापर्यंत जाऊन येतंय. बाबुकाका थयच आसा."

मी नेहमीसारखा त्याच्या पुढे पळालो. त्याने मला वरच्या पायरीवर बसवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"थांब."

तो उतरला. एक जिना, दुसरा जिना. माझं अंग उसळलं. पण त्या दिवशी, का कुणास ठाऊक, पाय हलले नाहीत. तो खालच्या वळणावर थांबला, वर बघितलं, मी जागेवर! एवढा हसला तो. खालूनच ओरडला, "आये गो, बघ! धाकटो शिकलो एकदाचो!"

आणि गेला.

थोड्या वेळाने नाक्याकडून पोलिसांच्या गोळ्यांचे आवाज झाले. चाळ धडधडत खाली धावली. माणसं माझ्यावरून उड्या मारून गेली, कुणीतरी शेपटीवर पाय दिला. मी थांबलो होतो. तिन्हीसांजेला बाबुराव वर आला. त्याच्या हातात दौलतचा सदरा होता. सदरा माझ्या नाकासमोरून गेला आणि मला कळलं. आयेला त्याने दारात सांगितलं. तिचा आवाज मी सांगू शकत नाही.

सुतक होतं, खानावळ बंद होती. चूल शेजारणी पेटवायच्या. माझ्यापुढे ताटली यायची. "खा रे बाबा," म्हणायच्या. "जेव रे, राजा." मी ताटलीकडे बघायचो आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचो. फारच पोट पेटलं की मोरीतली शितं चाटायचो, पण ताटलीला तोंड लावलं नाही. चाळ म्हणाली, बघा, मुकं जनावर भावाचं सुतक पाळतंय. बायका मला हात जोडायला लागल्या. मी फक्त शब्दाची वाट बघत होतो.

दहाव्याला बाबुराव मला दोरीला धरून बाणगंगेवर घेऊन गेला. पिंड ठेवले. कावळे भिंतीवर बसले होते, पण एकही खाली येईना. माणसं एकेक वचन देऊ लागली. एक म्हणाला, "आयेला सांभाळू." कावळा हलला नाही. दौलतच्या खात्यातला एक पोरगा मूठ वळून ओरडला, "दौलत, मुंबईसकट महाराष्ट्र घेतल्याशिवाय राहणार नाही!" कावळे उडाले आणि परत भिंतीवरच बसले. ऊन चढलं. शेवटी बाबुरावाने माझ्याकडे पाहिलं. त्याने हात जोडले.

"दौलता, तुझ्या धाकट्याक आमी उपाशी ठेवूचव नाय."

कावळा उतरला. पिंडाला शिवला.

बाबुरावाने घरी येऊन आयेला हे सांगितलं. तिने मला पोटाशी धरलं आणि माझ्या पडक्या कानात म्हणाली, "ह्याच राहिला होता रे त्याच्या जिवात."

सुतक फिटल्यावर खानावळ उघडली. माणसं खाली माना घालून पानावर बसली. आये उंबऱ्यात आली. पदर खोचून म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

मी ताटलीवर तुटून पडलो.

सगळ्यांचे हात थांबले. आयेच्या हातातली पळी पडली. "बाबुरावा, बघलंस? माझो झिल जेवलो!"

तिथून ते सुरू झालं. जी बाई जन्मभर लोकांना जेवू घालत आली, तिला आपल्या मुलाला जेवू घालायची वाट सापडली. दौलतला आवडायचं ते ते सगळं माझ्या ताटलीत. तळलेली सुरमई, सोलकढी, साखर घातलेली शेवयांची खीर. पंगतीच्या आधी सावकाश, पंगतीनंतर सावकाश, दुपारी डोळा लागला की उठवून सावकाश. मी खाल्लं की ती हसायची. वर्षात तेवढंच हसायची. आणि त्या शब्दाला नाही म्हणायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझं अंग सुजल्यासारखं झालं. जिना चढताना धाप लागायची. केस झडले, खाजवून खाजवून पाठीला जखमा पडल्या. आंघोळ घालणारा नव्हता, गोचिड काढणारा नव्हता. सुईचं वर्ष उलटून गेलं. बिल्ल्याचीही मुदत संपली. हे सगळं दौलतच्या डोक्यात होतं आणि तो ते डोकं घेऊन गेला. घरात दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. बाबुराव एकदा म्हणाला, "वयनी, अती होता हां ह्या." आयेने त्याच्याकडे असं बघितलं की तो विडी घेऊन बाहेर गेला.

दौलतच्या जन्मदिवशी तिने कोंबडी-वडे केले. मोठी फोड माझ्या ताटलीत, हाडासकट. "सावकाश, माझ्या सोन्या."

संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडातून रक्त येऊ लागलं.

पंगत बसली होती. पानं मांडलेली होती, भात वाढायचा होता. आये तशीच उठली. बाबुरावाने मला गोणपाटात गुंडाळून खांद्यावर टाकलं. ती अनवाणी मागे धावत होती. तिच्या खानावळीतून माणसं न जेवता उठली, असं पहिल्यांदाच झालं.

डॉक्टर तेच होते. माझा पडका कान बघून त्यांनी लगेच ओळखलं.

"अरे, हा दौलतचा धाकटा ना? काय दशा करून टाकलीय याची! कुठे आहे तो? एवढं बजावलं होतं त्याला."

बाबुरावाने टोपी काढली. डॉक्टरांना कळलं. नंतरचं सगळं ते हळू आवाजात बोलले.

माझ्या पोटावर शिवण पडली. आये रात्रभर इस्पितळाच्या ओट्यावर बसून होती. सकाळी डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाई, वाचला. पण याचं यकृत बिघडलंय. काही दिवस नुसती पातळ पेज, तीही चमचा-चमचा. नंतर दिवसातून दोन वेळा मोजकं अन्न."

आये दचकली. "म्हणजे उपाशी ठेवू? तसं नाही जमायचं डॉक्टर. कावळ्याला वचन दिलंय. ह्याने नाही खाल्लं तर तिकडे माझा झिल उपाशी राहील. हा खातो तो त्याचा घास आहे."

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"मग झिलाचा घास झिलाला ठेवा, बाई. याला याचा द्या. एका पोटात दोघांचं मावत नाही."

ती ढसाढसा रडली. दौलत गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. त्या दिवशी तो गेला होता. इथे तिला त्याला जाऊ द्यायचं होतं.

घरी आल्यावर मी सवयीने ताटलीपाशी जाऊन ओरडायचो. भूक भूक म्हणून दार खरवडायचो. आये दोन्ही कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायची, पण वाढायची नाही. मी तिच्यावर रागावलो होतो. आता कळतं, ती एका पोराला उपाशी ठेवून दुसऱ्याला वाचवत होती.

परवा दौलतचं वर्षश्राद्ध झालं. आयेने कोंबडी-वडे केले, खीर केली. दौलतच्या नावाची वाडी केळीच्या पानावर वाढून कावळ्यासाठी गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. वास आला आणि माझं ते जुनं अंग उसळलं. मी झेप घेणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब."

दौलतच्या आवाजात नाही, तिच्याच घोगऱ्या आवाजात. मी थांबलो. कावळा आला, दौलतचं पान खाऊन गेला. आये त्याच्याकडे बघत उभी होती. मग आत येऊन तिने माझ्या ताटलीत अर्धी भाकरी कुस्करली, वर वरणाचं पाणी घातलं.

"सावकाश होऊ द्या, धाकट्या."

आता सुई वेळेवर होते, बिल्ला नवा आहे. रविवारी बाबुराव शिव्या घालत माझी आंघोळ घालतो. गिरणीचा मालक काही तो झाला नाही. डॉक्टर म्हणतात, फार वर्षं नाहीत, पण आहेत ती सुखाची जातील.

तुमच्या घरी कुत्रं असेल, तर एवढं ऐका. त्याचं जेवण, त्याची सुई, त्याचे शब्द एकट्याने सांभाळू नका. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. नाक्यापर्यंत जातो म्हणून गेलेलं माणूस परत येतंच असं नाही.

संध्याकाळी भोंगा होतो. सगळं लालबाग मोकळं होतं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला असतो, बसवलं होतं तिथेच. आये म्हणते, "चल रे घरात." म्हणते, "ऊठ." शेवटी पट्टा धरून ओढत नेते. तिला वाटतं मी दौलतची वाट बघतो. मला ठाऊक आहे तो येणार नाही. सदऱ्याचा वास खोटं बोलत नाही. मी त्या शब्दाची वाट बघतो.

कधी लालबागला आलात, तर आमचा जिना चढा. खानावळ विचारा, कालिंदीची म्हणा. तिला तो तिसरा शब्द सांगा. हात पसरून म्हणायचा असतो, हेही सांगा. तिने म्हटला, की मी उठेन. खाली नाही धावणार. तिच्याकडेच जाईन.