परत द्यायचे डबे

लेकीच्या घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनबीनं साखर शोधायला ओट्याखालचं कपाट उघडलं आणि ती तिथंच फतकल मारून बसली. कपाट डब्यांनी भरलेलं होतं. आइस्क्रीमचे, लोण्याचे, बिस्किटांचे, झाकणाचे, बिनझाकणाचे. त्यात दोन काचेच्या बरण्या आणि मागं एकच कान उरलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं. सगळं घासून-पुसून एकात एक बसवलेलं आणि सगळं रिकामं.

"लुबने, ही कुणाची भांडी?"

"लोकांची. काय काय आणून देतात, अम्मी."

"आन् तू ठिवून घेतलीस?"

"अगं, हे टाकायचे डबे असतात. परत नाही द्यायचे. इथं कुणी मागत नाही."

"मागत न्हाई म्हंजी द्यायचं न्हाई व्हय?"

वडगाव रासाईत हुसेनबीच्या घरातून ईदला शीरखुर्म्याचा डबा शेजारच्या अनसाबाईंकडे जायचा. डब्यावर हुसेनबीच्या नवऱ्याचं, 'सिद्दीक' असं नाव घातलेलं होतं. तीस वर्षांत तो डबा एकदाही रिकामा परत आला नव्हता. घरात काहीच नसलं तर अनसाबाई परसातल्या चार हिरव्या मिरच्या टाकून पाठवायच्या, पण रिकामं भांडं हातात द्यायच्या नाहीत. आणि इथं स्वतःच्या पोटची पोर लोकांची भांडी कपाटात दडवून बसली होती, तीही परमुलखात.

परमुलूख म्हणजे डोमिनिकन रिपब्लिक हा देश, आणि त्यातला एल सेइबो नावाचा प्रांत. हे नाव हुसेनबीला अजून नीट घेता येत नव्हतं. लुबनानं वडलांच्या हाताखाली पंपाच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरायला शिकून घेतलं, मग पाबळला राहून वेल्डिंग आणि उन्हावर चालणारी वाळवणीची कपाटं बनवायला शिकली, आणि तीन वर्षांपूर्वी इथल्या कोकोवाल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीत कामाला आली. कोकोच्या बिया पावसात बुरसायच्या, त्या आता हिच्या कपाटांत वाळत होत्या. मुदत संपत आली होती. सोसायटी आणखी दोन वर्षं रहा म्हणत होती आणि रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

लुबना फोनवर म्हणाली होती, "अम्मी, तू ये, बघ, आणि तू सांगशील तसं करीन."

हुसेनबीचं उत्तर विमानात बसायच्या आधीच ठरलेलं होतं. कैफनं, म्हणजे लुबनाच्या भावानं, कुरकुंभच्या त्याच्या कंपनीत तिच्यासाठी मेन्टेनन्सच्या जागेचा शब्द टाकून ठेवला होता. जनरल शिफ्ट, दारात बस. आणि भेटेल त्याला हुसेनबी एकच विचारायची, "तिथं तिला कोण हाय?"

पण आता हे कपाट मध्ये आलं.

"लोकांची भांडी घरात ठिवून गाव सोडायचं न्हाई," ती म्हणाली. "आधी ही देऊन येऊ. मग आपुन मोकळ्या."

"अम्मी, लोक हसतील."

"हसू दे. दूध कुठं मिळतं?"

ईद होऊन दोन आठवडे झाले होते, पण लेकीसाठी म्हणून शेवया, खारीक, चारोळी सगळं दौंडच्या बाजारातून बांधून आणलं होतं. ते एकट्या लुबनासाठी होतं, आता ते अख्ख्या प्रांताला पुरवायचं होतं. हुसेनबीनं दुधात पाणी घातलं नाही, शेवया मात्र हात आखडून घातल्या.

सोसायटीची जुनी पिकअप लुबना चालवायची. गाव सुटलं तसा दोन्ही बाजूंना ऊस लागला. रस्त्याच्या कडेनं बैलगाडी चालली होती, गाडीवर ऊस आणि उसावर झोपलेला माणूस.

"हे तर आपलं दौंडच हाय की!" हुसेनबी जवळजवळ रागावूनच म्हणाली. "एवढं दोन-दोन विमानं बदलून मी दौंडलाच आले व्हय?"

पुढं मात्र चढ लागला. मोठ्या झाडांच्या सावलीत कोको, गुलाबी आणि निळ्या रंगाची लाकडी घरं, आंब्याखाली टेबल मांडून सोंगट्या आपटत बसलेले म्हातारे. प्रत्येक म्हाताऱ्यानं हात वर केला आणि प्रत्येकासाठी लुबनानं हॉर्न वाजवला. समोरून अर्धा तास एकही गाडी आली नाही.

"हितं कुणी फिरायला येत न्हाई का गं?"

"कशाला येतील? लोक विमानतळावरनं सरळ समुद्रावर जातात."

"आपल्याकडं तरी कोण येतं? रांजणगावच्या गणपतीपस्तोर येत्यात आन् तिथनंच माघारी वळत्यात." हुसेनबीनं मांडीवरचा डबा घट्ट धरला. "त्यांचंच नुकसान."

पहिलं घर मारिसोल नावाच्या बाईचं. आइस्क्रीमचा डबा परत आलेला पाहून ती आधी गोंधळली. मग लुबनानं स्पॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक समजावलं, आणि ती एवढी हसली की शेजारच्या तिघी कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या. चौघींनी एकाच चमच्यानं शीरखुर्मा चाखला. खारकेचा तुकडा दातात धरून मारिसोलनं डोळे मिटले आणि हुसेनबीच्या दोन्ही गालांना गाल लावले. मग आत गेली आणि तोच डबा भरून घेऊन आली.

"हे काय?"

"राजम्याची खीर," लुबना म्हणाली. "दूध, साखर, नारळ, रताळं, वर बिस्किटं. ह्यांच्या उपवासाचे दिवस चाललेत ना, सगळी घरं करतात आणि एकमेकांकडे पाठवतात."

"राजम्याची? गोड?" हुसेनबीनं बोटाच्या टोकानं चाखली. मग आणखी एक बोट. "वंगाळ न्हाई," म्हणाली, आणि पुढच्या घरापर्यंत अर्धा डबा संपवला. "म्हंजी ह्यांच्यातबी डबे फिरत्यात. आन् तू मला सांगत होतीस, टाकायचे असत्यात."

दोन दिवस हेच चाललं. रामोन नावाच्या म्हाताऱ्यानं बरणीतला शीरखुर्मा बशीत ओतून घेतला आणि बरणीत कोकोच्या बिया भरल्या. लुबनानं बनवलेलं वाळवणीचं कपाट त्यानं हुसेनबीला आतून-बाहेरून दाखवलं, दार चारदा उघडून मिटलं. नव्या जावयानं फटफटी दाखवावी तसं. कुठं अंडी मिळाली, कुठं नारळाच्या वड्या, एका घरी जिवंत कोंबडी, ती मात्र हुसेनबीनं हात जोडून परत केली. गाडीतले डबे काही कमी होईनात.

"मी म्हटलं होतं," लुबना म्हणाली.

"गप. चांगल्या माणसांची घरं हायत, एवढाच त्याचा अर्थ."

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. निघताना प्रत्येक घरची बाई आवाज खाली आणून लुबनाला काहीतरी विचारायची. तेच दोन-तीन शब्द. आणि प्रत्येक वेळी लुबना सांगायची, "आमचं गाव कसं वाटलं, विचारतेय." पण गाव कसं वाटलं हे विचारताना कुणाचे डोळे भरत नाहीत, एवढं हुसेनबीला कळत होतं.

शनिवारी ते एका कानाचं पातेलं उरलं.

"ते राहू दे, अम्मी. लांब आहे ते घर."

"लांब म्हंजी किती? वडगावापास्नं पाबळपरास लांब?"

"रस्ता नाही शेवटी. चालावं लागतं."

"मग चालू की. पायानं चालत्यात, पातेल्यानं न्हाई."

शेवटच्या शेवया त्यात गेल्या. गाडी ओढ्यापाशी ठेवून त्या चढ चढल्या, आणि वरच्या पिवळ्या घरातून एक वाळकीशी म्हातारी बाहेर आली. डोक्यात केस वळवायच्या गुलाबी प्लास्टिकच्या गुंडाळ्या आणि पायात पुरुषी चपला. ही दोन्या फेफा; 'दोन्या' असं इथं वडीलधाऱ्या बाईला मानानं म्हणतात. तिनं हुसेनबीकडं पाहिलंच नाही. आधी लुबनाची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि हाताची पालथी बाजू तिच्या कपाळाला लावली. मग गळ्याला. मग मान हलवली, ठीक आहे म्हणून.

हुसेनबी पातेलं घेऊन तशीच उभी राहिली.

"तिनं कपाळाला हात का लावला?"

"सवय आहे तिची."

"असली सवय उगंच लागत न्हाई, लुबने."

लुबना पायाकडं बघत राहिली. "ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला होता. इथंच कामावर असताना. आठ दिवस हिनं हलू दिलं नाही. नंतर ह्याच पातेल्यातनं सूप पाठवायची खाली."

ऑक्टोबर. हुसेनबीला आठवलं. आठ दिवस फोन नाही म्हणून तिनं सिद्दीकला झोपू दिलं नव्हतं, आणि तो म्हणत होता, अगं, टॉवर पडला असंल. नवव्या दिवशी पोरगी म्हणाली होती, नेटवर्क नव्हतं.

"मेली असतीस तरी नेटवर्क नव्हतं म्हणाली असतीस व्हय गं?"

"तू लगेच ये म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

आवाज चढला तशा अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. दोन्या फेफाला शब्द कळला नाही, पण प्रकार कळला असावा. तिनं घरातली डुलती खुर्ची ओढत आणली, हुसेनबीला खांद्याला धरून तिच्यात बसवलं, हातातलं पातेलं काढून घेतलं आणि स्वतः समोर पायरीवर बसली. झाकण उघडून वास घेतला. मग झाकण लावलं, लुबनाकडं बोट केलं, आभाळाकडं केलं, आणि ते दोन-तीन शब्द विचारले.

"गाव कसं वाटलं, म्हणतेय का?" हुसेनबीनं विचारलं.

"नाही," लुबना म्हणाली. "तू मला घेऊन चाललीस का, विचारतेय. सगळेच तेच विचारत होते."

हुसेनबी डुलत राहिली. खुर्चीच तशी होती, थांबवता येत नव्हती. कुरकुंभची जनरल शिफ्ट, दारातली बस, सगळं तिच्या तोंडाशी तयार होतं. तिथं तिला कोण हाय, असं तिनं गावभर विचारलं होतं, आणि जी होती ती केसांत गुंडाळ्या घालून समोर बसली होती. हुसेनबीला ती आवडली असं काही नव्हतं. आपल्या पोरीच्या कपाळावर दुसऱ्या बाईचा हात कुणाला आवडतो? पण त्या हातानं ताप ओळखला होता, आणि सातासमुद्रापलीकडून आपल्याला तो आवाजातसुद्धा ओळखता आला नव्हता.

"तिला सांग," ती म्हणाली, "दोन वर्षं म्हंजी दोन वर्षं. तिसरं न्हाई."

"अम्मी..."

"माझं व्हऊ दे. आन् सांग, हिला परत कणकण जरी आली तरी फोन मला करायचा. तुला विचारायचं न्हाई. माझा नंबर लिहून घे म्हण."

"तिला मराठी येत नाही, तुला स्पॅनिश येत नाही. बोलणार काय?"

"तुझं नाव घेतलं तरी बास. पुढचं मला कळंल."

लुबनानं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. दोन्या फेफानं सगळं ऐकून घेतलं, उठून आतून फोन आणला, आणि लुबनानं त्यात नंबर घातला.

"बरोबर घातलास का? मिस कॉल दे म्हण तिला. खात्री झालेली बरी."

म्हातारीनं बटण दाबलं. हुसेनबीच्या पिशवीतला फोन वाजायला लागला. खरं तर तो वाजला की काम झालं होतं, पण दोन्या फेफानं फोन कानाला लावूनच ठेवला, त्यामुळं हुसेनबीलाही घ्यावा लागला.

"अलो?" दोन्या फेफा पायरीवरून ओरडली.

"हॅलो!" हुसेनबी खुर्चीतून ओरडली. दोघींच्या गुडघ्यांत हातभर अंतर नव्हतं.

म्हातारी बोलायला लागली. भरभर, मध्येच 'लुबना' म्हणत, मध्येच नाक पुसत. हुसेनबी मान हलवत होती, "व्हय... व्हय बाई... लहानपणापास्नं अशीच हाय ती," म्हणत होती.

"अम्मी," लुबना हळूच म्हणाली, "मग उद्या सोसायटीला सांगू ना, मी राहते म्हणून?"

हुसेनबीनं फोनवर तळहात ठेवला.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी बोलतीय."