दुपट्याची शाल

लांब सुईच्या मागच्या टोकाला लाकडाचं एक बोंड होतं, वाटाण्याएवढं, आणि त्या बोंडाला टेकून अर्धवट दुपट्याचे टाके अजून तसेच उभे होते – एकमेकांना खेटून, कुणी दार उघडेल म्हणून थांबल्यासारखे. तिने अंगठ्याने त्यांना जरा पुढे सारलं. सरकले. इतके दिवस सुईवर राहून लोकर ताठरली असेल असं तिला वाटलं होतं, निदान रंग तरी उडाला असेल… पण कुणीतरी आत्ताच ठेवून उठल्यासारखं सगळं मऊ होतं, आणि त्या मऊपणाचाच तिला राग आला.

साध्या क्रोशात सुईवर एकच टाका असतो. दूध उतू चाललं की सुई ठेवून धावता येतं. या लांब सुईवरच्या ट्युनिशियन विणीचं तसं नाही. जाताना ओळभर एकेक टाका उचलायचा आणि सगळेच्या सगळे सुईवर बाळगायचे, शेवट आला की मागे फिरायचं आणि येताना एकेक सोडत यायचं; जाणं आणि येणं मिळून एक ओळ. ती जाऊन पोचली होती, मागे फिरणार होती, तेवढ्यात जावयाचा फोन आला होता. “आई, तुम्ही निघा. पिशवी वगैरे भरत बसू नका, नुसत्या निघा.” आणि ती नुसती निघाली होती. लेकीला सातवा महिना सरत आला होता. पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, म्हणजे बाळ जन्माला आलं होतं आणि जन्माला येण्याआधीच गेलं होतं – हे वाक्य तिने मनात किती वेळा फिरवून पाहिलं, ते कुठल्याही बाजूने सरळ होत नव्हतं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. भुंगी आत होती. भुंगी म्हणजे लेक. लहानपणी सारखी काहीतरी गुणगुणायची म्हणून बापाने ठेवलेलं नाव. हॉस्पिटलमधून ती इथेच आली होती, चार दिवसांसाठी म्हणून, आणि ते चार दिवस अजून चाललेच होते. आता तिची चाहूलसुद्धा लागत नसे. घरात मांजर असतं तर तेही जास्त बोललं असतं.

परवा मात्र बोलली. कपाट उघडून ही, तिची आई, ते अर्धवट दुपटं हातात घेऊन उभी होती – जावयाने सांगितलं होतं, ते सगळं आवरून ठेवा, तिच्या डोळ्यांसमोर नको – आणि हिचंही मन तेच म्हणत होतं, की सुई काढून घ्यावी, एक टोक ओढावं, अर्ध्या तासात गुंडा होईल, लोकर ती लोकर. तेवढ्यात मागे भुंगी.

“उसवतेयस?”

“नाही गं. नुसतं बघत होते.”

“उसवू नकोस. मला शाल कर त्याची.”

आणि हिने काय विचारावं? “मोठी करू की मध्यम?” जन्मभर कळत आलेलं शहाणपण अशा वेळी कुठे शेण खायला जातं कोण जाणे. भुंगी वळून आत गेली होती.

तिने दोरा सुईवर घेतला आणि पहिला टाका सोडला. मग दुसरा. बाहेर नळाशी भांडं वाजलं. हे उठले होते. बस चालवायची त्यांची सकाळची पाळी होती. ओल्या हातांनीच ते दारात आले.

“उठली का?”

“जागी आहे.”

“काही म्हणाली?”

“नाही.”

“काल रात्री पेरू आणलेत. टेबलावर आहेत.”

“परवाची संत्री तशीच आहेत. त्याआधीची सफरचंदंही.”

“असू देत.” ते तिच्या हातांकडे पाहत होते. “हे काय?”

“शाल.”

त्यांनी ओळखलं. दुपट्याच्या या सायीच्या रंगाच्या लोकरीवरून त्यांनीच तिची थट्टा केली होती, की बाळ अजून यायचंय आणि आजीने आत्ताच घरभर साय सांडलीय. ते बूट घालायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले, जणू त्या नाड्या आज पहिल्यांदाच बांधत होते. जाताना त्यांनी लोटलेल्या दारावर दोन बोटं टेकवली. वाजवलं नाही. नुसती टेकवली.

ओळ संपली. आता पुढचं ठरवायला हवं होतं. हा घट्ट, जाड तुकडा पाठीवर येईल. त्याच्या दोन्ही अंगांनी साध्या क्रोशाने खांबांची, उंच टाक्यांची, सैल जाळी विणत न्यायची, दोन्ही हातांवर पडेल इतकी. तिने छोटी सुई घेऊन कडेने मुक्या खांबांची, बुटक्या टाक्यांची, एक ओळ घातली. ट्युनिशियनची कड आत वळते, पोटाशी पाय घेतल्यासारखी. अशी ओळ घातली की ताळ्यावर येते. आली. पण तो शब्द… पोटाशी. सुई थांबली. तिने तो शब्द उचलून बाजूला ठेवला, जसा गरम तवा ठेवतात, आणि विणत राहिली. लोकर पुरणार नव्हती हे तिला दिसत होतं.

कामाला जाताना तिने दारातून आत डोकावलं. भुंगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. “डाळभात झाकून ठेवलाय. येताना लोकर आणते.” पाठ जरा हलली, की हिलाच तसं वाटलं.

चष्म्याच्या दुकानात ती दुपारपर्यंत असे. फ्रेमा पुसायच्या, नाकावर बसवून पाहायच्या, काड्या वाकवून कानामागे नीट बसवायच्या – लोकांचे चेहरे इतक्या जवळून पाहायचं काम दुसरं नसेल. आज एक म्हातारे गृहस्थ तक्रार घेऊन आले होते.

“बाई, हा चष्मा परत घ्या.”

“का हो काका, दिसत नाही?”

“दिसतं तेच तर! घरातली धूळ दिसते, बायकोच्या कपाळावरच्या आठ्या दिसतात. जुन्याने बरं चाललं होतं.”

मालक हसले, तीही हसली. आणि हसल्यावर दचकली. तो आवाज तिच्यातून आला होता. तिने पाठ फिरवली आणि मऊ फडक्याने एक काच पुसायला घेतली, स्वच्छ असलेलीच.

त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्या बाईंच्या – नर्सच्या – हातात हिरवं कापड होतं. त्यांनी आधी भुंगीला विचारलं होतं, अगदी हलक्या आवाजात, पाहायचंय का? भुंगीने मान भिंतीकडे वळवली आणि नाही म्हणून हलवली. जावई कसल्याशा सह्या करायला खाली गेला होता. हे बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला, खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत उभे. वाहनांखेरीज कशाकडे बघायचं त्यांना कधी सुचलंच नाही. मग त्या बाईंनी ते हिच्याकडे दिलं. जड होतं. तिला वाटलं होतं हलकं असेल. मुलगी होती. मी पाहिलं. मी एकटीनेच पाहिलं. या सबंध जगात ते तोंड मी एकटीने पाहिलंय, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी ते एकदा पाहून घेते, पाढे म्हणावेत तसं – कपाळ, पापण्या, पापण्यांवरच्या बारीक निळ्या शिरा, वरचा ओठ जरा पुढे… कुणी मागितलं तर द्यायला हवं म्हणून. कुणी मागितलं नाही. यांनी नाही, जावयाने नाही. भुंगीने तर नाहीच.

“अहो, किती पुसाल?” मालक म्हणाले. “झिजेल ती.”

लोकरीचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली, दोन पायऱ्या उतरून. दुकानवाल्या बाई मोजे विणत बसलेल्या असत आणि गिऱ्हाईक आलं तरी ओळ पूर्ण केल्याशिवाय मान वर करत नसत. हिने पिशवीतून लोकरीचा तुकडा काढून पुढे केला.

“ही आहे का अजून?”

बाईंनी तुकडा बोटांत चोळला. “रंग आहे, लॉट तो नाही. हा बघा नवा.” दोन्ही रंग त्यांनी उजेडाला धरले. जुना सायीचा, नवा त्याच सायीवर कुणी राखेचं बोट फिरवावं तसा. “जवळ जवळ ठेवलंत तर कळणार. मध्ये जाळी घेतलीत तर नजर फसते.”

“जाळीच घ्यायचीय.”

“मग चालेल. द्या इकडे पिशवी.” आणि गुंडे भरता भरता त्यांनी मान वर केली. “अहो, ही तर तुम्ही नातवासाठी नेली होती ना? लांब सुई पण माझ्याकडूनच. झालं का बाळ?”

उत्तर तयार होतं. ते ती कितीतरी जणांना देत आली होती, शेजारी, नातेवाईक, एकाच वाक्यात, चेहरा न हलवता. पण या बाईंचा चेहरा इतका… इतका उघडा होता.

“हो,” ती म्हणाली. “मुलगी झाली.”

“अगंबाई! आणि तोंड असं पाडून काय उभ्या? कुणावर गेलीय?”

“आईवर.”

“म्हणजे आजीवर! मान्य करायला लाजताय होय. जागरणं करवते का?”

“नाही,” ती म्हणाली. “शांत आहे.”

बाईंनी एक छोटा गुंडा वरून पिशवीत टाकला, पैसे नकोत, टोपडं करा म्हणाल्या. तिने तो घेतला. पायऱ्या चढून ती गल्लीत आली, कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर बसली. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटत नव्हती. मुलगी झाली हे खरंच होतं. शांत आहे हेही. नुसत्या त्या एका क्षणात, बाईंच्या दुकानात, जिन्याखाली, एक नात होती, आणि तिला झोपही लागत होती.

मग तिने डोळे मिटले आणि पाढा म्हणायला घेतला. कपाळ. पापण्या… आणि पापण्या उघडल्या. उघडल्या आणि बघायला लागल्या, गोल, काळ्या, टपोऱ्या डोळ्यांनी, हनुवटीवर खळी, आणि तोंडाने गुणगुण. ही भुंगी होती. तीन महिन्यांची भुंगी. तिने घाईने ती बाजूला केली आणि पुन्हा सुरुवात केली, पुन्हा भुंगीच. हिरवं कापड आठवत होतं, त्याची शिवण आठवत होती, नर्सबाईंच्या अंगठ्याचं तुटलेलं नख आठवत होतं. वजन आठवत होतं. पण कापडाच्या मध्ये जिथे तोंड असायला हवं तिथे… आईवर, म्हणाले मी. म्हटलं आणि झालं. एवढंसं होतं ते, आणि जपून ठेवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी ते एका शब्दाने पुसून टाकलं. दोन बसगाड्या थांबल्या आणि गेल्या. दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरने, यांच्या ओळखीच्या कुणीतरी, तिला हात केला. तिनेही केला.

घरी आली तेव्हा झाकलेला डाळभात अर्धा संपलेला होता. संध्याकाळपर्यंत ती खिडकीशी बसून विणत राहिली. एक खांब, एक साखळी, एक खांब. ओळ संपली की काम उलटायचं. हात आपले चालत होते. जुन्या आणि नव्या रंगाची वेस जाळीतूनही दिसत होती, नजर फसत नव्हती. बाहेरचा उजेड उतरला तशी ती दिसेनाशी झाली, आणि तेव्हाच आतलं दार वाजलं.

भुंगी येऊन शेजारी बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिच्या अंगाला उशीचा, न धुतलेल्या केसांचा वास येत होता. शालीचा घट्ट भाग तिने मांडीवर ओढून घेतला आणि त्यावरून तळवा फिरवला, एकदा, उलट दिशेने पुन्हा एकदा.

“आई.”

“काय गं?”

“तू पाहिलंस ना तिला.”

सुई टाक्यात अर्धी गेलेली. “हो.”

“केस होते का?”

डोक्यावरून कापड होतं. नर्सबाईंनी ते कपाळापर्यंत ओढून घेतलं होतं. केस तिने पाहिलेच नव्हते. तोंड आठवत असतं तरी केसांचं सांगता आलं नसतं. तिने लेकीकडे पाहिलं. भुंगी तिच्याकडे पाहत नव्हती, मांडीवरच्या विणीकडे पाहत होती, आणि तिची बोटं एका टाक्यावर थांबली होती, उत्तर येईपर्यंत तिथेच थांबायचं ठरवल्यासारखी.

“होते,” ती म्हणाली.

“काळे?”

“काळे. दाट. ओले होते म्हणून कपाळाला चिकटलेले.”

“अजून.”

“हनुवटीवर खळी होती. बारीकशी.”

“अजून सांग.”

आणि ती सांगत गेली. बोटं लांब होती म्हणाली. उजव्या कानाची पाळी जरा दुमडलेली होती म्हणाली. कुठून येत होतं ते तिला कळत नव्हतं. जीभ थांबत नव्हती आणि आवाज अगदी खरा होता, तिला स्वतःचा आवाज इतका खरा कधी ऐकू आला नव्हता. दुकानातल्या त्या फ्रेमांतून पाहिलेले अनोळखी चेहरे, शेजारणीचं मूल, भुंगी, कदाचित मी स्वतः, ज्याचं जे हाताला लागलं ते. भुंगीने डोळे मिटले होते. तिचे ओठ आवाज न करता हलत होते. खळी… पाळी… ती पाठ करत होती. मग तिचं डोकं हळूहळू कलंडलं आणि हिच्या खांद्यावर येऊन टेकलं, जड, आणि तिचं रडणं शेवटी सुरू झालं, शालीच्या घट्ट भागात तोंड खुपसून.

हिने तिच्या पाठीवर हात ठेवला. रडू यायला हवं होतं, आलं नाही. दुपारी बाकावर जी भीती होती, विसरण्याची, ती गेली होती. तिची आता गरज उरली नव्हती. उद्या भुंगी पुन्हा विचारेल. परवाही. मग एक दिवस जावयाला सांगेल, तो ऐकेल, हेही दारात उभे राहून ऐकतील, आणि लांब बोटांची, काळ्या केसांची ती मुलगी या घरात हळूहळू सगळ्यांना ओळखीची होईल. मला काय काय बोलले ते नीट लक्षात ठेवायला हवं. कुठला कान? उजवा. उजवा म्हणाले मी.

आणि ती दुसरी, हिरव्या कापडातली, जिचं वजन तेवढं अजून हातांत होतं – ती कशी दिसायची, हे विचारण्याजोगं आता कुणीच उरलं नव्हतं.