पुनाने वाढलेली पंगत

जर्मनीची लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातले निंबा पाटील मुलीच्या सोयरिकीची बोलणी करायला जळगावला निघाले होते. मुलीचं नाव प्रमिला. मुलगा धरणगावच्या जीवराम पाटलांचा. जीवरामांच्या कापसाच्या गाड्या जळगावच्या जिनात सरकी काढायला आल्या होत्या, म्हणून त्यांनी निरोप धाडला होता, की इथेच भेटू, बोलून घेऊ.

स्थळ चांगलं होतं. बागायत होती, माणसं सरळ होती, मुलगा निर्व्यसनी होता. तरी आगगाडीत बसल्यापासून निंबा खांद्यावरचं उपरणं सारखं हातावर ओढून घेत होते. त्याला कारण त्यांचा उजवा हात.

मागल्या वर्षी विषमज्वराचा दोषी ताप येऊन गेला आणि तेव्हापासून तो हात कापू लागला. स्वस्थ बसले की जरा थांबे, पण काही उचलायला गेलं की पाचही बोटं वाऱ्यावरच्या पिंपळपानासारखी थरथरत. घरी ताईबाई, म्हणजे त्यांची बायको, त्यांना आतल्या खोलीत वाढी आणि दार लोटून घेई. गावात कुणी म्हणे, निंबा चोरून पितो. कुणी म्हणे, हे घराण्यातलंच असणार, पोरीलाही होईल. निंबांनी लग्नकार्याला जाणंच सोडलं होतं. निघताना ताईबाईने उपरणं नीट खांद्यावरून हातावर सोडून दिलं आणि बजावलं, "काही बी करा, पन तेस्नासमोर जेवू नका."

जिनाबाहेर जीवराम भेटले. अंगाने भरलेले, कमी बोलणारे गृहस्थ. सोबत त्यांचा धाकटा भाऊ अभिमन. त्याची नजर मात्र बाजारात बैल पारखणाऱ्याची. रामराम झाला. निंबांनी उपरण्याआडूनच हात जोडले.

"चला निंबा भाऊ," जीवराम म्हणाले, "रिकामा पोटवर सोयरीकनी गोट करू नही. पहिले जेवन."

"मना आज उपास शे, आबा."

"कसाना उपास? एकादशी तं काल व्हयनी."

निंबांना दुसरं कारण सुचेना. अभिमन हसला, पण डोळ्यांनी हसला नाही. "का, आमनासंगे जेवाले लाज वाटस?"

आता नाही म्हणणं म्हणजे सोयरीक उंबऱ्यावरच मोडणं. निंबा त्यांच्यामागून चालू लागले.

स्टेशनाच्या रस्त्याला इंदिराबाईंची खाणावळ होती. बाई विधवा, जिभेने तिखट, पण हाताला चव अशी की जिनात आलेले पाटील-व्यापारी हटकून तिथेच जेवत. मोठ्या पडवीत पाटांच्या दोन रांगा मांडलेल्या. समोरच्या रांगेत बाजाराची माणसं आधीच बसली होती. या रांगेत भिंतीकडून जीवराम, मग अभिमन, आणि अभिमनच्या शेजारी निंबा. शेजारी बसायला नको म्हणून ते जरा रेंगाळले होते, पण तोच पाट रिकामा राहिला.

वाढपी पुना पन्नाशीचा असावा. डोईला मळकं मुंडासं, पाय अनवाणी. त्याने पितळी ताटं मांडली, आमटीच्या वाट्या काठोकाठ भरल्या, भाकऱ्या टाकल्या.

निंबांनी भाकरीला हात घातला. ती मोडायला एका हाताचा जोर पुरेना. बोटं थरथरली, मनगट वाटीला लागलं आणि वाटी ताटावर किणकिणली. थांबवावी म्हणून त्यांनी हात दाबून धरला, तर ती आणखीच वाजू लागली. आमटीचा ओघळ ताटभर झाला. त्यांच्या कानात दुसरा आवाजच शिरेना. अभिमनचा घास हातातच थांबला. त्याने मान वळवली.

तेवढ्यात दोघांच्या मध्ये पुना वाकला.

"हाई ताट चांगलं घासेल नही, भाऊ. बदली देस," असं म्हणत त्याने निंबांचं ताट उचललंसुद्धा. मग अभिमनचंही उचललं, जीवरामांचंही. "आज ताटं कमी पडनात. पत्रावळवर वाढस बठ्ठास्ले."

निंबांनी वर पाहिलं नाही. हे ताट खरंच खराब होतं, की या माणसाने सारं पाहिलं?

पुना परत आला. तिघांपुढे पत्रावळी मांडल्या. वाटी नाही, द्रोण नाही. मधोमध वांग्याच्या भरताचा मोठा गोळा, शेजारी पिठल्यासारखं घट्ट वरण, आणि भाकऱ्या चतकोर चतकोर मोडून रचलेल्या. तिघांनाही अगदी सारखं. तेव्हा निंबांना कळलं. त्याने सारं पाहिलं होतं.

"वरन इतलं घट्ट?" अभिमन कुरकुरला. "आमटी कोठे शे?"

"आमटीमा मीठ जास्त पडी गयं, भाऊ. वरन जेवा."

निंबांनी चतकोराने भरीत उचललं. हात कापला, पण सांडायला काही नव्हतं आणि वाजायलाही काही नव्हतं. घास तोंडाशी नेण्याच्या त्या एका क्षणी पुना बरोबर अभिमनच्या पुढ्यात वाकून लोणचं वाढत होता. दुसऱ्या घासाला तो चटणी वाढत होता. पुढे तेल, मग कांदा. अभिमन त्याच्या अंगाआडून बघायला गेला की पुना त्याच बाजूला सरके. "आनखी लेवा ना, भाऊ," म्हणत आग्रह करी. निंबांच्या पोटात अन्न जाऊ लागलं. परक्या माणसांत बसून ते वर्षभरात पहिल्यांदाच जेवत होते. पण पुना जरा कुठे हलला की संपलं.

आणि समोरची रांग ओरडू लागली. "भाकरी आना!" "वाढपी मरी गया का?" पुनाने वळून पाहिलं, पण हलला नाही.

स्वयंपाकघराच्या दारात इंदिराबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात उलथणं तसंच.

"पुना! तिकडची पंगत हात वाळवत बसलीय, आणि तू इथे काय घुटमळतोस?"

"जास, माय," पुना म्हणाला आणि अभिमनला मीठ वाढू लागला.

"आणि यांना आमटी का नाही वाढलीस?"

उत्तर अभिमननेच दिलं. "आमटी खारी व्हयनी म्हने."

बाईंचा चेहरा लाल झाला. "खारट? मी स्वतः चाखलीय ती! गिऱ्हाइकांसमोर माझ्या आमटीला नावं ठेवतोस? पत्रावळी कुणाला विचारून काढल्यास? एवढे दिवस मीठ खाल्लंस आणि आता माझंच नाव बुडवतोस? तो खरकटा हात धू आणि चालू लाग. उद्यापासून दिसू नकोस इथे."

पुनाने निंबांकडे एकदा बघून 'या भाऊंमुळे' एवढं म्हटलं असतं तरी त्याचं सुटलं असतं. पण त्याने त्यांच्याकडे चुकूनही पाहिलं नाही. मिठाची वाटी जमिनीवर ठेवली आणि मुंडाशाने तोंड पुसत मोरीकडे निघाला.

निंबांच्या तोंडातला घास फिरू लागला. गप्प राहिलं तर प्रमिलेचं जमेल. बोललं तर मोडेल, आणि एकदा मोडलेल्या सोयरिकीचा बोभाटा साऱ्या मुलखात होतो. ताईबाई डोळ्यांपुढे आली. पण पुनाची पाठ मोरीच्या दारापर्यंत पोचली होती, आणि निंबांना बसवेना.

ते उठून उभे राहिले.

"बाई, थांबा. त्याची चूक नाही." उपरणं त्यांनी दूर केलं आणि हात साऱ्या पंगतीसमोर धरला. भरीत लागलेली पाचही बोटं थरथरत होती. "हा माझा हात. तुमची वाटी याने सांडली, तुमचं ताट याने वाजवलं. माझी फजिती होऊ नये म्हणून या माणसाने ताटं बदलली, भाकऱ्या मोडून दिल्या, आमटीला खोटं नाव ठेवलं. मला एका शब्दाने कळू दिलं नाही. बाई, मी मोठमोठ्या घरच्या पंगती जेवलोय. असं मला कुणी वाढलं नाही. त्याला काढायचं असेल तर आधी मला उठवा."

अभिमन ताडकन म्हणाला, "म्हनीसनच उपास! आबा, दारूना हात शे हाऊ."

"दारूना थेंब मना पोटमा गया नही, अभिमन भाऊ. ताप येल व्हता, तवयपासून."

जीवरामांनी हातातला घास पत्रावळीवर ठेवला. त्या हाताकडे बघत त्यांनी विचारलं, "पहिले का बर नही सांगं?"

"भ्यायनू, आबा. पोरनी सोयरीक मोडी जाई म्हनीसन."

अभिमन उठू लागला. जीवरामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "अन्न टाकीसन कोनी उठू नही. जेवन पुरं करा."

एवढंच. सोयरिकीचा शब्द त्यांनी काढला नाही.

इंदिराबाई उलथणं हातात घेऊन उभ्याच होत्या. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या मोरीकडे वळून करवादल्या, "पुना, ऐकू येत नाही का? समोरच्यांना भाकरी वाढ. आणि या भाऊंना दूध आण, भाकरी कुस्करून."

पुनाने दूध-भाकरीचा खोलगट वाडगा निंबांच्या पुढ्यात ठेवला. निंबा हळूच म्हणाले, "तुनं बरं व्हवो, भाऊ." पुना कानकोंडा झाला. "जेवा, जेवा. गार व्हई जाई," म्हणून भाकऱ्यांची दुरडी घेऊन समोरच्या रांगेकडे पळाला.

परतीची गाडी तिघांची एकच होती. अभिमन मुद्दाम पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. जीवराम समोर बसले, पण खिडकीबाहेर बघत. कापसाची शेतं मागे पडत होती. निंबांना विचारायचा धीर होईना, आणि जीवरामांना बोलायची घाई दिसेना. हात आता उघडाच मांडीवर कापत होता. ताईबाईला काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्यांनी मनात सुरू केली.

धरणगाव आलं. अभिमन आधी उतरून चालू लागला. जीवराम उतरले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले.

"अभिमनले मी समजाडसू," ते म्हणाले. "पोर आमले पसंत शे. पन निंबा भाऊ, आते आमनापाईन काही झाकू नका."

निंबांनी होकारार्थी मान हलवली, आणि गाडी सुटली.

लग्न वैशाखात झालं. अभिमन मांडवात आला, पण निंबांशी बोलला नाही. पुढेही बरीच वर्षं बोलला नाही. निंबा मात्र त्या लग्नात साऱ्यांसोबत पंगतीला बसले. आणि जळगावला कामानिमित्त गेले, की पुना ज्या रांगेत वाढत असेल तिथला पाट रिकामा होईपर्यंत ते पडवीबाहेर उभे राहत. इंदिराबाई आतून ओरडत, "अहो पाटील, दुसरीकडे जागा आहे की!" निंबा हसून म्हणत, "असू द्या, बाई. मी थांबतो."