सूचनेचा दुसरा उकार

नगरपालिकेच्या फाटकाशी काळा फळा आहे, त्यावर रोज सकाळी लिहिणाऱ्या शिपायाला सगळं गाव फळेकाका म्हणे. आता 'म्हणे' हा शब्द जरा जास्तच झाला. म्हणायला समोर यावं लागतं, आणि समोर येणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. पण नाव तेच होतं. हजेरीपटावरचं खरं नाव काकांनाही सहीपुरतंच आठवे.

अक्षर मात्र काय होतं! खोटं कशाला सांगू, भटक्या कुत्र्यांवरून भांडायला आलेला एक इसम फळ्यावरची 'आज तक्रारी घेतल्या जाणार नाहीत' ही ओळ वाचून इतका सुखावला, की शीळ घालत घरी गेला. कुत्री त्याच्या मागे मागे गेली. एका उन्हाळ्यात काकांनी 'पाणी' हा शब्द इतका ओला लिहिला, की फळ्याखालची फरशी दोन दिवस वाळली नाही. पटत नसेल तर राहू द्या, पण ती फरशी अजून तिथेच आहे.

बावीस वर्षं काका लिहीत होते. नळ कधी सुटणार, लस कुठे मिळणार, कुणाकडे मूल झालं, कोण गेलं, कुणाची शेळी सापडली. या सगळ्याच्या वर मधोमध, मोठ्या अक्षरांत, एकच शब्द: 'सुचना'. स ला पहिला उकार. पहिल्या दिवशी घाईत तसा पडला, कुणी काही बोललं नाही, म्हणून बावीस वर्षं तो तसाच पडत राहिला.

घरी दोन खोल्या, एक ताट, एक वाटी. बायको जाऊन सहा वर्षं झाली तरी तिच्या चपला दाराशीच होत्या. घरात दोन माणसं आहेत असं चोराला वाटावं म्हणून ठेवल्यात, असं काका सांगणार होते, कुणी विचारलं तर. मुलगी लांबच्या शहरात. रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, जेवलात ना? बरं, ठेवते हं." या दोन वाक्यांमध्ये उत्तर मावेल एवढी फट तिने कधी ठेवली नाही. तिचाही दोष नव्हता. मागे दोन पोरं आणि एक कुकर, तिघंही एकदम ओरडत असायची. काका फोन ठेवल्यावर म्हणत, "जेवलो गं."

मग नगरपालिकेच्या सूचना मोबाइलवर यायला लागल्या. लोक फळ्याच्या पत्र्याखाली सावलीला उभे राहत, फळ्याकडे पाठ करून तीच सूचना मोबाइलवर वाचत आणि निघून जात. काकांनी काही दिवस सोसलं. मग एका बुधवारी, सगळं लिहून झाल्यावर, खाली एक ओळ वाढवली:

'गुरुवारी दुपारी तीन ते चार ही वेळ दुरुस्तीसाठी बंद राहील.'

ओळ लिहून ते बाजूला उभे राहिले. कुणीतरी हसेल, कुणीतरी शिव्या देईल, निदान साहेब तरी बोलावतील. कुणी म्हणजे कुणी बोललं नाही. गुरुवारचे तीन वाजले, चार वाजले. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना, ज्यांना सगळे जन्ममृत्यूबाई म्हणत, काकांनी मुद्दाम विचारलं, "बाई, किती वाजले हो?"

"मोबाइल नाही का तुमच्याकडे?" बाई म्हणाल्या.

त्या दिवशी काकांना कळलं, की आपण भिंतीला पत्रं लिहितोय.

शुक्रवारी दुपारी जेवणाची सुट्टी संपवून ते परत आले. डबा ते मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीशी एकटेच बसून खात. सवयीने फळ्याकडे पाहिलं आणि पाय जागच्या जागी थांबला. 'सुचना' मधला पहिला उकार बोटाने पुसला होता आणि तिथे, काकांचा नव्हे अशा हाताने, दुसरा उकार काढला होता. 'सूचना'. आणि न पुसलेल्या गुरुवारच्या ओळीखाली बारीक, सरळ, रेघ मारल्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं:

'गुरुवारी तीन ते चार वेळ चालूच होती. खुलासा व्हावा.'

काका तिथेच मटकन फरशीवर बसले. होय, त्याच फरशीवर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा दिला: 'वेळेचा दुरुस्तीवाला आला नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' दुपारपर्यंत उत्तर आलं: 'ठीक आहे. पुन्हा असे होऊ नये.'

मग काका बिघडले. बावीस वर्षांचा सरळ माणूस, पण मुद्दाम चुका करायला लागला. सोमवारी 'नागरीक' लिहिलं, दुपारी 'नागरिक' झालं. मंगळवारी 'पुर्ण' लिहिलं, 'पूर्ण' झालं. एकदा एका ओळीत पाच चुका पेरल्या, तर पाचही वेचून शेजारी शेरा आला: 'लक्ष कुठे आहे?' काका दिवसभर त्या तीन शब्दांवर तरंगत होते. बायको गेल्यापासून हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

जन्ममृत्यूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. "काका, हल्ली तुम्ही हसता. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग डॉक्टरला दाखवा. बरी असताना कुणी एवढं हसत नाही."

पण लिहिणारं माणूस कोण, हे काकांना कळेना. ते दुपारच्या सुट्टीत येई, एवढंच नक्की. डबा पुढे नेऊन पाळत ठेवावी असं एकदोनदा मनात आलं. पण हिंमत झाली नाही.

आणि मग साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे मुख्याधिकारी. वयाने काकांच्या मुलीएवढे, बोलताना एक डोळा मोबाइलवर ठेवणारे.

"काका, तो फळा काढतोय आपण. त्या जागी दिव्यांची पाटी लावायची, अक्षरं सरकणारी. तुम्ही आता बसून राहा, आराम."

"साहेब, फळा लोक वाचतात."

"कोण वाचतं?"

"एक जण तरी वाचतं."

"कोण?"

काकांनी बोटांवरचा खडू सदऱ्याला पुसला.

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "असं करा, त्या एका जणाला शुक्रवारी अकरा वाजता माझ्यासमोर आणा. आणलंत तर फळा राहील. माझा शब्द."

काकांनी त्या दिवशी फळा दोनदा धुतला. वरचा शब्द दुसऱ्या उकाराने लिहिला आणि खाली, आयुष्यात लिहिला नव्हता इतका जपून, मजकूर लिहिला: 'हा फळा वाचणाऱ्या व्यक्तीने शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयात यावे. न आल्यास फळा काढला जाईल. कृपया यावे.' प्रत्येक वेलांटी दोनदा तपासली. एकही चूक ठेवली नाही. आजचं काम गमतीचं नव्हतं.

दुपारी खाली उत्तर होतं: 'शुद्धलेखन उत्तम. येणे शक्य नाही. वाचणे शक्य आहे.'

काका ते कितीतरी वेळ वाचत राहिले. का शक्य नाही? पायऱ्या चढवत नसतील? की चार माणसांत जायची सवय मोडली असेल? सहा वर्षांत आपण तरी कुणाच्या घरी गेलो, हे आठवून काकांनी पुढे विचार केला नाही.

शुक्रवारी ते साहेबांच्या दाराशी उभे राहिले. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. एक बाई आल्या, त्यांना दाखला हवा होता. एक म्हातारे आले, ते चुकून आले होते. साडेअकराला साहेबांनी छापलेला कागद काकांच्या हातात दिला. "हा चिकटवा फळ्यावर. सोमवारी माणसं येतील काढायला."

काकांनी खळ लावली आणि आपल्याच फळ्याच्या तोंडावर कागद चिकटवला. मजकूर वाचला नाही. मग डबा घेऊन टाकीशी गेले आणि डबा न उघडताच परत आणला.

दोन वाजता फाटकाशी गर्दी होती. बावीस वर्षांत फळ्यासमोर एवढी माणसं, आणि तोंडं फळ्याकडे करून, काकांनी पाहिली नव्हती. जन्ममृत्यूबाई खिडकी सोडून आल्या होत्या आणि पदर तोंडाशी धरून हसत होत्या.

साहेबांचा कागद लाल पेन्सिलीने भरला होता. 'सुचना फलक' चं 'सूचना फलक', 'नागरीकांना' चं 'नागरिकांना', 'स्थलांतरीत' चं 'स्थलांतरित'. चौदा ठिकाणी वर्तुळं. आणि सहीखालच्या 'मुख्याधीकारी' मधल्या वेलांटीवर फुली मारून समासात लिहिलं होतं: 'पद तरी बरोबर लिहावे.' सगळ्यात खाली: 'दहापैकी दोन. पुन्हा लिहून आणा.'

"म्हणजे साहेब," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "दोन वर्षं चुकीच्या खुर्चीवर बसलेत की काय?"

साहेब बाहेर आले. गर्दीने वाट दिली. एवढी वाट त्यांना उद्घाटनालाही मिळाली नसेल. त्यांनी कागद वाचला. एक डोळा मोबाइलवर ठेवायचंही विसरले.

"कोणी केलं हे?"

"एक जण वाचतं म्हणालो होतो, साहेब," काका म्हणाले.

"सरकारी कागदावर खाडाखोड! गुन्हा आहे हा!" साहेबांचे कान त्या पेन्सिलीच्या रंगाचे झाले होते. "फळ्याला कुणी हात लावायचा नाही. पुरावा आहे तो! आणि काका, तुम्ही सोमवारपासून इथे स्टूल टाकून बसायचं. दुपारीसुद्धा. तो माणूस सापडेपर्यंत हलायचं नाही. आला की धरायचा आणि माझ्यासमोर उभा करायचा."

"आणि सापडेपर्यंत फळा?"

"जागचा हलणार नाही!"

काकांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, शरमेने.

सोमवारी कागद पंचनाम्यासाठी सोलून नेला आणि फळा पुन्हा काळा झाला. रोजचं लिहायचं तेवढं राहिलं होतं, ते काकांनी लिहिलं, मध्ये एक चूक पेरून. मग फळ्याशेजारी स्टूल ठेवलं आणि दुपारी त्यावर बसले, रस्त्याकडे तोंड करून, फळ्याकडे पाठ करून. डबा मांडीवर. साहेबांनी बसायला सांगितलं होतं. तोंड कुठे करायचं, ते सांगायला विसरले होते.

सव्वा वाजता रस्ता रिकामा झाला. मागून, कार्यालयाच्या भिंतीला लागून, काठी टेकत कुणीतरी आलं. टक. थांबून श्वास. टक. पायताण फरशीवर घासलं. मान वळवली की झालं. बाप्या की बाई, म्हातारं की कसं, सगळं एका क्षणात कळलं असतं. आणि मग त्या माणसाला साहेबांसमोर उभं करावं लागलं असतं, आणि मंगळवारी फळा गेला असता.

काकांनी मान ताठ धरली. समोरच्या विजेच्या खांबावर एक ते शंभर आकडे मोजले. मागे खडू चालत होता, बारीक, सरळ. मध्ये एकदा थांबला. इतकं जवळ माणूस सहा वर्षांत आलं नव्हतं. काकांनी डब्याचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, आपण जागे आहोत आणि बघत नाही आहोत हे दोन्ही कळावं म्हणून.

टक. टक. काठी गेली. काकांनी आणखी शंभर मोजले, मग उठून फळ्याकडे वळले.

'दुरूस्ती' चं 'दुरुस्ती' झालं होतं. खाली लिहिलं होतं: 'जेवलात का?'

आणि त्यापुढे जागा सोडली होती. अख्खी एक ओळ.

काकांनी खडू उचलला. 'हो' लिहिलं. 'हो' मध्ये ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही; चूक करायला जागाच नाही. असं कोरडं, बरोबर उत्तर देऊन उद्या कशाला कुणी काठी टेकत येईल? काकांनी थोडा विचार केला. मग पुढे, त्या 'पाणी' पेक्षाही जीव ओतून, लिहिलं:

'आता जेवतो. तूम्ही?'

त ला दुसरा उकार. चांगला मोठा, लांबूनही दिसेल असा.