पुढे ढकलला की ब्रेक

मी योक बोलतोय. विमान चालवणारा जे दोन शिंगांचं चाक हातांत धरतो, डावी-उजवीकडे वळवतो, छातीकडे ओढतो, तो मी. पण खऱ्या विमानातला नव्हे हं. घरी संगणकावर विमान उडवणाऱ्या हौशी मंडळींसाठी बनवलेला, काळ्या प्लास्टिकचा. पोटात एक पोलादी दांडा, दोन स्प्रिंगा आणि टेबलाच्या कडेला आवळायला दोन स्क्रू. माझ्याच खोक्यात माझा एक जोडीदार होता, तीन दांड्यांची छोटी पेटी. त्यातला काळा दांडा इंजिनाचा जोर कमी-जास्त करतो. पुढे सगळा घोळ या काळ्या दांड्याने घातला, म्हणून त्याची ओळख आधीच करून दिलेली बरी.

माझे पहिले मालक फुकुओकाचे एक दंतवैद्य. त्यांनी तीन रविवार विमान उडवलं. चौथ्या रविवारी माझ्या शिंगांवर मोजे वाळत घातले. मला राग आला नाही. माणसाची हौस किती दिवस टिकते, याचा अंदाज मला कारखान्यातच आला होता. तिथे आमच्यासारखे दिवसाला चारशे बनत होते आणि आकाशात तेवढी गर्दी काही दिसत नव्हती.

मग मी कागोशिमाच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात 'जंक' अशी चिठ्ठी लावलेल्या निळ्या टोपलीत जाऊन पडलो. चालेल की नाही याची हमी नाही, घ्यायचं तर आपल्या जबाबदारीवर, असा त्या चिठ्ठीचा अर्थ. शेजारी झाकण नसलेला भाताचा कुकर होता. दोन वर्षं आम्ही एकमेकांकडे बघत काढली.

तिथून मला उचललं चिहारुने. ही कुरामोचींची मुलगी, पाणीपुरवठा खात्यात नोकरीला. तिने मला डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, सोडलं. स्प्रिंगांनी मला जागेवर आणलं. "चालेल. आईला पोचवलं म्हणजे झालं," ती स्वतःशीच म्हणाली आणि मला व माझ्या जोडीदाराला काखेत मारून निघाली.

आईला कुठे पोचवायचं, ते मला हळूहळू कळत गेलं.

चिहारुची आई मित्सुए ही नागिसे बेटावरची. बेट लहान; बोट आठवड्यातून दोनदा. पूर्वी छोटं विमान जायचं, ते केव्हाच बंद पडलं. चार वर्षांपूर्वी मित्सुएबाईंची मूत्रपिंडं थकली आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार इस्पितळात चार-चार तास रक्त गाळून घ्यायची पाळी आली. बेटावर ते यंत्र नाही. गेलेली बोट परत येईपर्यंत एक तरी वार चुकणार, आणि तो चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे बेट कायमचं सुटलं.

सुटलं तर सुटलं, असं म्हणता आलं असतं. पण ओबोन, म्हणजे पितरांचा सण, होता ना. ऑगस्टच्या तेरा तारखेला कबरीपाशी जायचं, कंदील लावायचा आणि गेलेल्या आईवडिलांना घरी घेऊन यायचं. तीन दिवस त्यांनी घरात राहायचं, जेवायचं, आणि पंधराला त्यांना परत पोचवायचं. मित्सुएबाई एकुलत्या एक. आणायला जाणारं दुसरं कुणी नाही. "चार वर्षं झाली. दोघं तिथे वाट बघत उभी असतील," त्या म्हणायच्या. तक्रारीच्या सुरात नाही. दाराला कडी लावली का, असं विचारावं तशा.

बेटाचं विमानतळ विमान उडवायच्या त्या संगणकातल्या खेळात होतं. धावपट्टी, मागची टेकडी, सगळं. म्हणून चिहारुने मला आणलं आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवलं.

वडील तोकुजी. अडतीस वर्षं लोकल रेल्वेचे चालक, आता निवृत्त. त्यांनी मला आधी जेवणाच्या बुटक्या टेबलाला आवळायला घेतलं. टेबलाची कड जाड, माझा जबडा लहान. कसाबसा बसवला, तर मांडी घालून बसलेल्या तोकुजींचे गुडघे माझ्या पोटाला लागायला लागले. मला ओढलं की चहा सांडे. तीन दिवस हा तमाशा बघून मित्सुएबाई उठल्या, शिलाई मशीन उचलून जमिनीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या माझं टेबल. तसंही तुमच्या तुमानींना ठिगळं लावून लावून मी कंटाळलेच होते."

त्या टेबलावर मी बसलो तो अगदी मापात. चिहारुने फोनवरून सांगितलं, तसं तोकुजींनी मला पूर्ण डावीकडे नेलं, पूर्ण उजवीकडे, पूर्ण आत, पूर्ण बाहेर. संगणकाला माझ्या टोकांची ओळख पटली. मधोमध थोडी मोकळी जागा ठेवली, म्हणजे म्हाताऱ्या हाताच्या थरथरीने विमान डुलायला नको.

तोकुजींचं उडवणं बघण्यासारखं होतं. पांढरे हातमोजे घालून बसायचे. नोकरीतलं खिशातलं घड्याळ माझ्या डोक्यावर ठेवायचे. प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचे, "इंधन, बरोबर! पट्टा, बरोबर! पुढची वाट, मोकळी!" रेल्वेतली शिस्त ती, हाडात गेलेली. एकदा मित्सुएबाईंनी आतून विचारलं, "आणि भात लावलाय का? त्याच्याकडेही बोट दाखवा जरा!"

त्यांची खरी अडचण वेगळीच होती. रेल्वेला सुकाणू नसतं. रूळ नेतील तिकडे जायचं. अडतीस वर्षांत या माणसाने एकदाही डावी-उजवी केली नव्हती. माझं काय करायचं, तेच त्यांना कळेना. घाबरून इतके घट्ट धरायचे की हातमोज्यांची शिवण माझ्यावर उमटायची. पण चिकाटी दांडगी. तीन महिन्यांत विमान सरळ न्यायला शिकले, आणि एकट्याने नागिसेवर उतरायलाही.

मार्चमध्ये, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाचा, विषुवाचा सण आला. त्या दिवसांतही कबरींना जातात. मित्सुएबाईंनी बोतामोचीचा, म्हणजे गोड पुरणात लपेटलेल्या भाताच्या गोळ्यांचा, डबा भरला, नवीन स्वेटर घातला आणि तोकुजींच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. पदार्थ पडद्यापलीकडे जाणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी डबा मांडीवर घट्ट धरला होता.

तासाभराने बेट दिसलं. "अहो, ती आमची शाळा! ते बंदर! इथे शार्क आला होता एकदा!" मित्सुएबाई इतकं बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. तेवढ्यात बाजूचा वारा सुटला. धावपट्टी तिरपी झाली. तोकुजींनी मला सावरलं, चाकं टेकली, आणि आता थांबायचं म्हणून त्यांच्या हाताने अडतीस वर्षं जे केलं तेच केलं. काळा दांडा पुढे ढकलला.

त्यांच्या गाडीत एकच दांडा असायचा. स्वतःकडे ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक. विमानात नेमकं उलटं. एकटे असताना ते "उलटं, उलटं" असं पुटपुटत बसायचे. त्या दिवशी बायकोचं बोलणं ऐकण्यात पुटपुटायचं राहून गेलं. इंजिन गरजलं. विमान धावपट्टी संपवून सुसाट निघालं आणि मागच्या टेकडीत घुसलं. पडदा काळा झाला.

कबरी त्याच टेकडीवर होत्या.

मग मित्सुएबाई म्हणाल्या, "आईच्या अंगावर घातलंत तुम्ही." त्या उठल्या आणि डबा घरातल्या देव्हाऱ्यापाशी ठेवून आल्या. "मी नाही यायची परत. टेबल रिकामं करून द्या, मला शिवायचंय."

तोकुजींनी हातमोजे काढले, घडी केली. अडतीस वर्षांत त्यांच्या गाडीत कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी चिहारुचा फोन आला. "बाबा, संगणकात एका चौकटीत खूण करायची फक्त. दांड्याची दिशा उलटी होते. मग तुमच्या रेल्वेसारखाच चालेल."

"नको," तोकुजी म्हणाले. "गाडी बदलली की चालकाने हात बदलायचा असतो. गाडीने नाही."

"मग बदला ना हात!"

"बदलला असता तर आज हे झालं असतं का?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला सोडवलं, वायर गुंडाळली आणि गाद्या ठेवायच्या फडताळात टाकून दिलं.

एप्रिल गेला, मे गेला. गाद्या रात्री बाहेर जायच्या, सकाळी परत यायच्या, मी तिथेच. अंधारात वेळ मोजता येत नाही. गावाजवळच्या ज्वालामुखीची राख पडली की मित्सुएबाई वाळत घातलेले कपडे ओढून आत आणायच्या, त्यांची धावपळ ऐकू यायची. घरात बोलणं होतं, पण औषधाचं, भाजीचं. विमानाचं नाव कुणी काढत नव्हतं. दंतवैद्यांनी टाकलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. इथे वाटलं, हे कबूल करतो.

जुलैच्या शेवटी एका मंगळवारी फडताळ उघडलं आणि मला बाहेर काढलं ते मित्सुएबाईंनी. इस्पितळातल्या सुया टोचून टोचून टणक झालेला डावा हात जपत, उजव्या हाताने उचलून त्यांनी मला तोकुजींच्या पेपरावर आणून ठेवलं.

"एक सांगा. तुमच्या गाडीत दांडा पुढे ढकलला की ब्रेक, असं का केलंय?"

तोकुजी चकित झाले. "का म्हणजे? चालकाला घेरी आली तर तो पुढे कोसळतो. दांड्यावर पडला तर गाडी थांबली पाहिजे."

"म्हणजे चालक गेला तरी प्रवासी वाचतो."

"हो."

"मग मी प्रवासी नाही वाटतं? तुम्ही सत्तरीचे. उद्या माझ्या माहेरावर असताना तुम्हाला घेरी आली, तर मला परत टेकडीत घालणार? करा ती खूण. हट्ट तुमचा, आणि जीव माझा जातोय!"

तोकुजींनी मला पेपरावरून उचललं. म्हणाले, "हे मात्र मला सुचलं नव्हतं."

"मशीन मी कधीच खाली ठेवलंय," मित्सुएबाई म्हणाल्या.

खूण केली. एवढ्याशा चौकटीत एवढीशी खूण. त्यासाठी चार महिने गाद्यांत काढले मी.

तेरा ऑगस्ट गुरुवारी आला, इस्पितळाचा वार नव्हता. दुपारी साडेचारला आम्ही निघालो. मित्सुएबाईंनी टेबलावर कागदी कंदील ठेवला होता. या वेळी त्या गप्प होत्या. बेट आलं, शाळा आली, तरी बोलल्या नाहीत. वारा सुटलाच. तोकुजींचे हात माझ्यावर होते, पण मुठी आवळलेल्या नव्हत्या. चाकं टेकली. त्यांनी दांडा पुढे ढकलला आणि इंजिन शांत झालं. विमान हळू होत होत धावपट्टीच्या मधोमध थांबलं.

तोकुजींनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि रेल्वेतल्या आवाजात म्हणाले, "दोन मिनिटं उशीर झाला. प्रवाशांची क्षमा मागतो."

"चार वर्षं उशीर झालाय. दोन मिनिटांचं काय घेऊन बसलात?" मित्सुएबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण अहो, टेकडी तिकडे राहिली."

धावपट्टी टेकडीच्या पुष्कळ अलीकडे होती. तोकुजींनी क्षणभर विचार केला. मग ज्या माणसाने जन्मात रूळ सोडले नव्हते, त्याने मला अलगद डावीकडे वळवलं आणि विमान धावपट्टी सोडून गवतात घातलं. खडखडत, माणूस चालेल त्या वेगाने आम्ही टेकडीच्या पायथ्याशी गेलो. खेळ बनवणाऱ्यांनी तिथे कबरी काढल्या नव्हत्या, नुसती झाडं. त्याने काही बिघडलं नाही. मित्सुएबाईंनी कंदील लावला आणि हात जोडले. तोकुजींनीही जोडले. त्यामुळे माझ्यावर कुणाचेच हात नव्हते, आणि माझी काही हरकतही नव्हती.

"चला," मित्सुएबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण जपून चालवा. मागे आईबाबा बसलेत. आईला विमानात मळमळतं."

तोकुजी वळले. आमच्या मागे भिंतीला टेकून दोन खुर्च्या होत्या, जेवणाच्या. त्यांच्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "मागचे प्रवासी, दोन. बरोबर!"

परतीच्या वाटेत त्यांनी मला जसं हाताळलं, तसं कुणीच कधी हाताळलं नाही. समुद्रावरून आम्ही इतके सरळ आलो की कंदिलातली ज्योतही हलली नाही. कागोशिमाला चाकं टेकली ती मला कळलीसुद्धा नाहीत, आणि कळणं हेच माझं काम आहे.

आज चौदा तारीख. मित्सुएबाई इस्पितळातून नुकत्याच आल्या आहेत. देव्हाऱ्यापुढे चार ताटं मांडली आहेत, सासऱ्यांसाठी तोकुजींनी गरम पाण्यात शोचू दारू घातली आहे. मी शिवणाच्या टेबलावर आहे. एका स्प्रिंगेचा आवाज येतो, दुसरी बरी आहे. आणखी एखादं वर्ष निघेल. तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद पडला असेल तर त्याच्यावरचे मोजे काढा, एवढंच मागणं आहे. आणि आता मला मोकळं करा. उद्या संध्याकाळी दोघांना परत पोचवायचं आहे, आणि मित्सुएबाई आत्ताच म्हणत आहेत की उद्या घाई करायची नाही, निघायला थोडा उशीर झाला तरी चालेल.